चाकाचे तीन स्टड

पोस्टकार्ड कानडी लिपीत होतं, पण भाषा मराठी. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतून अजून असं लिहितात. मला कानडी अक्षरं अडखळतच वाचता येतात, आणि शब्द कानावर पडल्याशिवाय अर्थ लागत नाही. म्हणून नाशिकच्या आमच्या व्हरांड्यात उभा राहून मी मोठ्यानं एकेक अक्षर लावत गेलो. मं...ग...ळ...वारी... मग ‘अण्णा’ हा शब्द लागला आणि पुढचं वाचायला धीर होईना. अण्णा गेले, हे मला माझ्याच आवाजात ऐकावं लागलं. आता त्याला दीड महिना झाला.

अण्णा म्हणजे तुकोजीराव. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात शिकाऊ इंजिनीयर म्हणून लागलो तेव्हा ते तिथले सगळ्यात जाणते टर्नर होते. बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचा त्यांचा स्वतःचा एक जुना लेथ होता. कारखाना सुटला की मी तिथे जाऊन उभा राही. पदवी माझ्याकडे होती, पण लोखंड कापताना त्याचा आवाज बदलला की थांबायचं, हे मला त्यांनी शिकवलं.

आमचे खातेप्रमुख कर्णिकसाहेब. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज मळेवाल्याकडून त्यांनी दोन माणसांची, बुटकी, उघडी स्पोर्ट्‌स गाडी घेतली होती. इंजिन झकास, पण तारांची चाकं गंजून खिळखिळी झालेली, आणि नवी मागवायला आयातीचा परवाना मिळेना. आपल्याकडे बनणाऱ्या मोटारीची चाकं बाजारात मिळत, पण त्यांना पाच नट, हिला चार, आणि भोकांचं वर्तुळही वेगळं. शेवटी साहेबांनी अण्णांना गळ घातली. चारी हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्यांची, जुनी कड लेथवर कातून काढायची, तिथे पोलादाची नवी चकती बसवायची, चकतीला पाच भोकं, आणि प्रत्येक भोकात एक स्टड, म्हणजे ज्याच्यावर चाकाचा नट आवळतात तो आट्यांचा दांडा. चार चाकांचे वीस स्टड.

दोन महिने आम्ही त्या कामात होतो. एका चकतीचं एक भोक केसभर सरकलं म्हणून अण्णांनी अख्खी चकती भंगारात टाकली. मी म्हटलं, “एवढ्यानं काय होतंय?” ते म्हणाले, “गाडीत बसणार त्यांना विचार की.”

स्टडसाठी त्यांनी चांगल्या पोलादाची एक सळी मिळवली होती. स्टड कातून झाले की भट्टीत तापवून ते कडक करायचे, आणि भट्टीचं काम अण्णा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. सतरा झाले आणि शुक्रवारी त्यांना लग्नासाठी कोलारला जावं लागलं. “उरलेले तीन सोमवारी करू. गाडीला हात लावू नको,” एवढं सांगून ते गेले.

शनिवारी दुपारी साहेब शेडमध्ये आले. रविवारी सुमतीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन नंदीच्या डोंगरावर जायचा त्यांचा बेत होता. “मिळेल ना उद्या?” त्यांनी विचारलं. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि माझी नोकरी कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी म्हटलं, “हो साहेब.”

लेथखाली साध्या लोखंडाची एक सळी पडली होती. तिचे मी तीन स्टड कातले. तापवून तेलात बुडवल्यावर ते इतरांसारखेच काळे दिसू लागले. मागच्या डाव्या चाकात ते बसवले, नट आवळले आणि संध्याकाळी गाडी साहेबांच्या दारात उभी केली. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हे कबूल केलं पाहिजे.

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला अण्णा माझ्या खोलीच्या दारात उभे होते. कोलारच्या बसमधून उतरून ते घरात न जाता आधी शेडमध्ये गेले होते.

“गाडी कुठाय?”

“साहेब घेऊन गेले. नंदीला.”

“सळी मी ठेवून गेलो तेवढीच आहे.” त्यांचा आवाज जराही चढला नाही. “मग तीन कशाचे केलास?”

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “चल. चढताना धरेल. उतरताना वळणावर ब्रेक लागला की सगळा भार तिथे येणार.”

त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी मोटरसायकल होती. मी मागे बसलो. हेब्बाळ गेलं, यलहंका गेलं. देवनहळ्ळीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी इतकी सावकाश चालली होती की मी डबे मोजायला लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिले. समोरून मोटार आली की मी अण्णांच्या खांद्यावरून वाकून बघायचो... साहेबांची नसायची. डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा पेरू विकत होता. अण्णांनी कानडीत विचारलं, लहान उघडी गाडी वर गेली का? गेली. खाली आली? अजून नाही.

मग घाट. प्रत्येक वळणाला मला वाटे, आता ती समोरून येईल आणि मागचं डावं चाक तिच्या पुढे धावत येईल.

माथ्यावर पोचलो तेव्हा ढग उतरायला लागले होते. थंडी वाजते म्हणून दोघं लवकर निघाली होती. सुमतीबाई डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या, साहेबांनी इंजिन सुरू केलेलं. अण्णांनी मोटरसायकल गाडीसमोर आडवी लावली आणि ते उतरले.

“साहेब, बंद करा.”

“काय झालं, तुकोजीराव?”

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. “हा सांगेल.”

मी म्हटलं, “एकदा नट तपासून घ्यावेत म्हटलं...”

“तसं नाही,” अण्णा म्हणाले. “काय केलास ते सांग.”

त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका राग आला तितका आजवर कुणाचा आला नसेल. मी सांगितलं. सुमतीबाई खाली उतरल्या. “हे तुम्हाला काल माहीत होतं?” त्यांनी विचारलं. मी “हो” म्हटलं. त्या एका दगडावर जाऊन बसल्या.

अण्णांनी चाकाचं झाकण काढलं. माझ्या तीन स्टडपैकी दोहोंचे नट बोटांनी फिरले, इतके ते दांडे ताणले गेले होते. तिसऱ्याला पाना लावला, अर्धा फेरा झाला आणि नटासकट तुकडा अण्णांच्या हातात आला. साहेबांनी तो घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. ती दोघं बसनं खाली गेली. गाडी तिथेच राहिली.

सोमवारी अण्णा कारखान्यात माझ्याजवळ येऊन म्हणाले, “तीन राहिलेत. संध्याकाळी ये.” ते तीन स्टड त्यांनी माझ्याकडून करून घेतले, भट्टीसकट. पुढच्या रविवारी आम्ही वर जाऊन ते बसवले. साहेबांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच घाटातून गाडी खाली आणली. सुमतीबाई तिच्यात पुन्हा कधी बसल्या नाहीत. माझा कागद वर्षभर लांबला. ते वर्ष मी अण्णांशी कामापुरतंच बोललो. चारचौघांत मान खाली घालायला लावली, हे मला खुपत होतं. एकांतात साहेबांना सांगता आलं असतं, असं मी मनाशी म्हणे. आणि मी ते सांगितलं नसतं, हेही मला ठाऊक होतं. मग एका उगादीला, तिकडच्या पाडव्याला, अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, होळिगेचा, आपल्या पुरणपोळ्यांचा, डबा पाठवला आणि रिकामा डबा परत द्यायच्या निमित्तानं मी गेलो. अण्णांनी न बघताच म्हटलं, “स्वल्प, जरा हा पट्टा धर.” मी धरला.

ते पोस्टकार्ड आल्यावर मी नाशिकहून बंगळूरला गेलो. अक्का म्हणाल्या, “बरं झालं आलास. लेथ द्यायचाय, उद्या एक जण बघायला येतो. विकताना तुलाच बोलवायचं म्हणून सांगून गेलेत.”

“मला का?”

“मीही विचारलं. म्हणाले, त्यानं एकदा सांगितलंय. परत सांगायला त्याला जड जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी कलासिपाळ्यच्या बाजारपेठेतून एक तरुण आला. लेथ त्याला पाहताक्षणी आवडला. मी त्या तरुणाचा हात धरून लेथच्या मुख्य दांड्यावर ठेवला, दांडा फिरवायला लावला आणि बेअरिंग कुठे झिजलंय ते दाखवलं. बारीक कामाला हा असा चालणार नाही, म्हणून सांगितलं. त्यानं अक्कांकडे पाहिलं. त्यांनी, तो म्हणतो ते खरं, अशी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

बाहेर आल्या त्या कॉफीचे तीन पेले घेऊन. आम्ही तिघांनी ती लेथभोवती उभ्या उभ्याच घेतली. अण्णांच्या शेडमध्ये बसायला कधी काही नव्हतंच.