छतातून पडणारे बूट

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या त्या मोठ्या दुकानात बूट छतातून पडतात. गोदाम माळ्यावर आणि छताला एक चौकोनी भोक. खालच्या विक्रेतीनं माइकात रंग आणि नंबर सांगायचा, की वरून खोका सुटतो. तो झेलायचा, आणि तोही गिऱ्हाइकाकडे हसून बघत. देलिया फोरताहोला हे पहिल्याच आठवड्यात जमलं होतं आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

बाकी त्या नोकरीत तोरा मिरवण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर उभं राहायचं, टेकायला साधं स्टूल नाही. पाय ठणकत असले तरी ओठांना लाली हवीच. काळा बूट मागून "हा फारच काळा आहे हो" म्हणणाऱ्या बाईलाही "हो मॅम" म्हणायचं. घरी जाताना पिशवी उघडून दाखवायची, जणू आपण चोरच! एवढं करून करार पाच महिन्यांचा. सहावा लागला तर कायम करावं लागतं, म्हणून पाचव्यातच नारळ. देलिया अशी बरीच दुकानं हिंडून आली होती.

या खेपेला मात्र विभागाच्या मुख्य बाई, फ्लोरामे मॅम, म्हणाल्या होत्या, "तू आणि रोवेना, दोघींपैकी एकीचं नाव कायम करायला पाठवणार आहे." तेव्हापासून देलियाच्या आईनं चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचा सपाटाच लावला होता.

शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत ग्विमारास बेटावरून बोटीनं आलेला एक बाप लेकीला घेऊन देलियासमोर उभा राहिला. हातात आंब्यांची पिशवी. लेकीचं नाव लिझेल. लहानपणीच्या आजारानं तिचा डावा पाय बारीक राहिलेला, उजव्याहून चांगला दोन नंबरांनी लहान. बिचाऱ्याला दोन जोड घ्यावे लागणार, असं देलियाच्या मनात आलं.

"इंदाय, पोरी, वरच्याला फक्त सांग, लिझेल आलीय," बाप म्हणाला.

"अहो मानोंग, दादा, नंबर सांगावा लागतो. वर काय देव बसलाय?"

"तू सांग तर खरं!"

तिनं सांगितलं. वर थोडी खुडबूड झाली आणि एकच खोका पडला. उघडून बघते तर डावा चौतीस, उजवा छत्तीस. लिझेलनं पाय घातले आणि ते अचूक बसले. देलियाच्या अंगावर काटा आला. माळ्यावरच्या तियो रुबेनला, म्हणजे रुबेनकाकांना, ती फक्त आवाजानं ओळखत होती, आणि त्यांना तर वरून कोणीच दिसत नसे.

"त्यांनी हिला कधी पाहिलंय?"

"कधीच नाही. पहिल्या वर्षी मी दोन जोड मागितले तर वरून ओरडून विचारलं, का रे बाबा? तेव्हापासून दर जूनला हिची वाट बघतात. पोरगी वाढली असेल म्हणून नंबरही आपणच वाढवतात." त्यानं पिशवी पुढे केली. "हे त्यांना दे."

माळ्यावर जायला विक्रेतींना मनाई. देलियानं इकडेतिकडे पाहिलं आणि माइकात "तियो, झेला!" म्हणून एक आंबा सरळ भोकाकडे फेकला. आतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि आंबा अलगद झेलून आत गेला. दुसराही तसाच गेला. आपण कसल्या तोऱ्यात होतो, असं तिला होऊन गेलं. तिसरा उचलला तेव्हा मागे फ्लोरामे मॅम उभ्या होत्या.

"दुकान आहे की जत्रा?" त्यांची नजर लिझेलच्या पायांवर गेली. "आणि हा जोड असा कसा?"

खरं सांगावं तर म्हाताऱ्याची नोकरी जाणार, आणि खोटं बोलावं तर आपली. "माझी चूक, मॅम. मीच नंबर चुकीचे सांगितले."

"खोटं बोलतेय ती!" वरून आवाज आला. "मीच दिला!"

"तुम्ही गप्प बसा हो तियो, दरवर्षी बसता तसे." मॅमनी आवाज खाली आणला. "उरलेले दोन बूट मोजणीला माझ्याच हाती येतात. खोक्यात दोन बूट असले की मी एक जोड लिहिते."

याच बाईला देलिया पाठीमागे हवालदार म्हणायची!

"तुझं मात्र..." मॅम अडखळल्या. "नाव सकाळीच गेलं गं. रोवेनाचं. ती कामापुरतं बोलते, मोठ्या साहेबांना तसलीच लागते. तू अशी आहेस हे जरा आधी कळलं असतं तर..."

आईला काय सांगायचं? देलियाचे डोळे भरून आले, समोरचे बूट दिसेनात.

"इंदाय," वरून हाक आली, "नव्या बुटात पोरगी चालली का गं?"

"दरवर्षी विचारतात," बाप हळूच म्हणाला.

देलियानं डोळे पुसले. खुंटीवरचा माइक काढला, गुडघ्यावर बसली आणि तो फरशीला टेकवून धरला. "चाल, लिझेल."

टक, टक. चाल लंगडी होती, पण दोन्ही टाचा फरशीवर ठाम पडत होत्या. पलीकडे गिऱ्हाइकाला बूट दाखवणारी रोवेना हातातला खोका तसाच धरून थांबली. माळ्यावर कसलीच हालचाल नव्हती.

"सावकाश जा, बाळा," फ्लोरामे मॅम म्हणाल्या, "दारापर्यंत जाऊन परत ये. त्यांना नीट ऐकू दे."