न आलेली तार

कुणाचं काहीही खरं न मानता साठ वर्षं सुखानं जगलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो ठाण्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. तारखात्यातून पेन्शन घेऊन आलेले म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. गवळ्याच्या दुधावर संशय सगळेच घेतात. मास्तर गवळ्याच्या म्हशीवरही घेत. टपाल वेळेवर येतं की नाही हे पाहायला ते महिन्यातून एकदा स्वतःलाच कार्ड टाकत, आणि ते दुसऱ्या दिवशी हाती पडलं की म्हणत, "एवढ्या लवकर? वाटेत कुणीतरी वाचलं असणार, म्हणून घाईनं पोचवलं." त्यांच्या कोटाच्या दोन खिशांत दोन घड्याळं असत. एक तारखात्याच्या मद्रासी वेळेचं, दुसरं मुंबईच्या वेळेचं, आणि दोहोंत अर्ध्या तासाचं अंतर. दोन्हींवर विश्वास नसल्यानं ते मधली वेळ धरून चालत, त्यामुळे जेवायला बोलावलं की पाव तास चुकत. आमच्या घरी पानं वाढायची वेळ यामुळे कायमची बदलली.

पण त्यांचा खरा संशय होता तो वाऱ्याच्या तारांवर. त्या काळी दक्षिण किनाऱ्यावरून रोज सकाळी हवेची तार मुंबईस जाई आणि तिची नक्कल आमच्या तारऑफिसातही उतरवून घेत. वादळाचं लक्षण असलं की धक्क्यावरच्या काठीला लाल बावटा लागे आणि मचवे बांधून ठेवत. मास्तर रोज सकाळी तारऑफिसच्या ओसरीवर जाऊन ती नक्कल वाचत आणि वाचून झाली की कारकुनाची उलटतपासणी घेत. "ही कुणी लिहिली? लिहिणाऱ्यानं खिडकीबाहेर डोकं तरी काढलं होतं का?" यामागे अनुभव होता. नोकरीत असताना खालच्या एका बंदरात त्यांच्या वरच्या माणसानं चार महिने रोज 'वारा मंद' असं कळवलं होतं, कारण त्याच्या खोलीची खिडकी गंजून बसली होती. त्या चार महिन्यांत बाहेर दोन गलबतं फुटली.

तेव्हा बावटा लागला की मास्तर म्हणत, "उगाच. भाडं चढवायचं असेल कुणाला." नाही लागला तर म्हणत, "लपवताहेत." मला मोजायची सवय आहे. एका मोसमात त्यांनी सत्तावीस वेळा तारेच्या उलट सांगितलं. तेरा वेळा बरोबर, चौदा वेळा चूक. मी हा आकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "मोजलं कुणी?"

"मीच."

"मग दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

एकाच माणसावर त्यांचा संशय नसे. त्या साली माझी मुलगी गोदी बाळंतपणाला माहेरी आली होती. नात चार महिन्यांची झाली. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते सकाळी ओसरीवरून परत आले की आमच्या ओटीवर बसत आणि नातीला मांडीवर घेऊन तिला त्या दिवशीच्या वाऱ्याची खरी हकीगत सांगत. ती त्यांची मिशी ओढी. बायको म्हणे, "मास्तर, दुखत असेल हो." ते म्हणत, "ओढू द्या. हिचा हेतू स्वच्छ आहे."

कार्तिक वद्य तृतीयेला गोदीनं सासरी जायचं ठरलं. सासर वसईपलीकडे, बाळकुमच्या धक्क्यावरून मचव्यानं खाडीतून जायचं. तिच्या सासूबाईंनी दिवस कळवला होता आणि त्या दिवस चुकलेला खपवून घेणाऱ्या नव्हत्या. दुपारी दोनला भरती पुरी व्हायची, मग ओहोटीबरोबर सुटायचं. धक्क्यावर मी, गोदी, जावई, टोपलीत निजलेली नात आणि मचवा हाकणारा तांडेल. ऊन स्वच्छ होतं, काठीला बावटा नव्हता. इतक्यात मास्तर बांधावरून जवळजवळ पळत आले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

"मचवा सोडू नका!"

"का हो?"

"आज तार आली नाही."

जावई हसले. "मास्तर, तार आली तर तुम्ही ती खोटी म्हणता. आता आली नाही तरी भांडता?"

"ऐका. तार रोज येते. आज नाही आली, म्हणजे वाटेत कुठंतरी तारच तुटली आहे. आणि तार आपोआप तुटत नाही. खांब पाडायला वारा लागतो."

तांडेल वैतागला. "मास्तर, पानी उतराय लागलं. मचवा चिखलान् बसला तं तुमी ढकलायला येनार काय? सकाली जमिनीवरनं येनारी मतलई चांगली व्हती, दर्या निवांत हाय."

"निवांत दिसतो, म्हणूनच मला त्याचा संशय."

"अवो, तुमाला तुमच्या सावलीचा पन संशय!"

"आहेच," मास्तर म्हणाले, आणि नातीची टोपली उचलून बांधावर जाऊन बसले.

त्यांच्या बोलण्यात मला तर्क दिसला. तर्क दिसला की मी पाघळतो. मला त्या वेळी दुसरा कसलाही संशय आला नाही, हे इथं स्पष्ट लिहितो. जावई रागावले, गोदी रडवेली झाली, तांडेलानं शिव्या दिल्या, आणि आम्ही सामान उचलून घरी आलो.

दिवस मावळायच्या आत दक्षिणेकडून असा वारा उठला की आमच्या छपराची एकशे बारा कौलं गेली. त्याच ओहोटीवर सुटलेले दोन मचवे घोडबंदरापुढे वादळात सापडले. एक चिखलात घुसून राहिला. दुसऱ्याची डोलकाठी मोडून तो उलटला. माणसं फळ्यांना धरून कशीबशी काठाला लागली. त्यात पोरबाळ कुणी नव्हतं. आमचं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर देव झाले. तोच तांडेल नारळ घेऊन त्यांच्या दाराशी आला. "मास्तर, तुमी सांगाल तवाच सोडू." बाळकुम-कोलशेतचे सगळे मचवेवाले त्यांना विचारायला येऊ लागले. ज्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, त्यांचं आता कुणी खोटं मानीना. आणि मास्तर मात्र मिटत गेले. ओसरीवर जाणं बंद, आमच्या ओटीवर येणं बंद. आठ दिवसांनी गोदी गेली तेव्हा ते दार लावून आत बसले होते. आलेल्यांना आतूनच सांगत, "मला काही कळत नाही. बावटा पाहा."

पुढं एकदा कामासाठी तारऑफिसात गेलो असता कारकुनाजवळ सहज विषय काढला. तो म्हणाला, "त्या दिवशीची तार? आली होती की. मास्तरांनी स्वतः वाचली. माझ्याशी अक्षर न बोलता गेले, म्हणून लक्षात राहिलं." मी नोंदवही मागून घेतली. वद्य तृतीया, नेहमीची वेळ: वारा मंद, आकाश स्वच्छ.

त्याच संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. मी वही पाहून आलो हे त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं.

"मला फक्त दोन दिवस हवे होते," ते म्हणाले. "पोरीला नुकतं खळखळून हसू फुटायला लागलं होतं. पुढचा वारा आपला आपण आला. त्यात माझं काही नाही. आणि हे लोक नारळ आणतात! भाऊसाहेब, एवढ्या धक्क्यावर एकालाही माझा संशय येऊ नये? तुम्ही तर मोजून मापून चालणारे. तुम्हालाही आला नाही?"

चोरी कबूल करूनही ज्याला कुणी धरत नाही अशा माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मी म्हणालो, "आला होता. धक्क्यावरच आला होता. मुद्दाम बोललो नाही."

त्यांनी उठून दार उघडलं आणि म्हणाले, "मग ठीक आहे. वहिनींना सांगा, उद्या चहाला येतो."

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी जाणूनबुजून खोटं बोललो ते तेवढं एकदाच. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं काही ताबडतोब खरं मानलं असेल, तर तेच.