ढगे सर आणि एसटीची पायरी

ढगे सर पेशंटच्या पायांकडे आधी बघत नसत. दारात काढलेल्या चपला उचलून उलट्या करत आणि तळ कुठं झिजलाय ते न्याहाळत. माझ्या उजव्या चपलेचं टोक पार गेलं होतं. त्यावर अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "कुठं जायचं आहे तुले?"

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, गुडघे एकमेकांवर घासणारे. लहानपणी व्यायाम झाले, पुढे सगळ्यांनीच सोडून दिलं. चौतिसाव्या वर्षी मी वारंवार पडू लागले आणि घरात व्हीलचेअरचा विषय निघाला. त्यातच मला रोज पवनारहून वर्ध्याला कामावर सोडणाऱ्या भावाची काही महिन्यांनी बदली होणार हे कळलं. नोकरी जाणार हे दिसत होतं. म्हणून मी सांगितलं, वर्ध्याला, एसटीनं, एकटीनं.

सर निवृत्त फिजिओथेरपिस्ट. घराच्या पडवीत व्यायाम घ्यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुह्यी चाल सरळ होनार नाई. तसं म्हनलं तं खोटं होईन. पन तू पोचशीन." मला इतका राग आला की आठवडाभर फिरकले नाही. शेवटी आईनंच रिक्षात बसवून नेलं.

खुर्चीतून हात न टेकता उठायचं, भिंत धरून आडवं चालायचं, एका विटेवर चढायचं, उतरायचं. ते जमलं की सर दुसरी वीट ठेवत. मी चिडले, रडले, तरी ते स्टुलावर बसून तुरीच्या शेंगा सोलत राहायचे. "घाई कोनाले आहे? मले तं नाई," हे ठरलेलं. पाय थरथरू लागले की मात्र मुकाट्यानं उठून खुर्ची पुढे करत. पायाआधी कंबर उचल, एवढं मला शिकवण्यात त्यांचा अख्खा हिवाळा गेला.

विटांची उंची एसटीच्या पायरीइतकी झाली, तेव्हा ते माझ्यासोबत थांब्यावर आले. कंडक्टरनं हात पुढे केला, सरांनी मानेनंच त्याला नको म्हटलं. मागं कुणीतरी कुरकुरलं. मी दांडा धरला, कंबर उचलली आणि पाय घासत का होईना, वर गेले. खिडकीतून पाहिलं तर सर पाठ फिरवून निघालेले. मला ते लागलं. निदान हात तरी हलवायचा.

त्यानंतर मी रोज एसटीनं गेले. नोकरी टिकली. गेल्या उन्हाळ्यात सर हृदयविकारानं गेले. त्यांच्या घरी काकूंना भेटायला गेले, तेव्हा सरांनी त्या दिवशी हातही हलवला नाही, ही खंत बोलता बोलता तोंडून निघून गेली.

"कोपऱ्यावर स्कूटर लावून ठेवली होती त्यायनं," काकू म्हणाल्या. "बसच्या मागं मागं वर्ध्याले गेलते. तू उतरून आफिसात शिरली, तवा परतले. मले म्हने, तिले सांगू नको. नाई तं उद्यापासून मागं पाहत जाईन ती."