पत्ते टाकून थांबणारी मुलगी

जबलपूरच्या सदर भागातल्या ठाण्यात मी प्रभारी असताना एक मुलगी अर्ज घेऊन आली होती, तिचा चेहरा अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुनी एखादी केस सांगा असे कोणी म्हटले की मला आधी आठवतो तो हाच अर्ज, ज्यावर शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही.

मी पांढुर्ण्याकडचा, मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातला. आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावच्या शाळेने मला अक्षर दिले आणि पोलीस खात्याने भाकर दिली, दोघांचेही उपकार मी मानतो. जबलपुरात ठाण्याचे काम हिंदीत चाले. रोजनामचा हिंदीत, बयान हिंदीत. त्यामुळे एखादा फिर्यादी घरी मराठी बोलणारा निघाला की मी नकळत खुर्ची थोडी पुढे ओढून बसत असे. त्या मुलीने टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि विचारले, "सर, मराठीत सांगू? बाहेर मुंशीजींना हिंदीत सांगितलं तर ते हसून राहिले."

मुंशी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक हवालदार, का हसला ते मला लगेच कळले. मुलगी पंचविशीची, सदरमध्ये खोली घेऊन एकटी राहणारी. बँकेतली नोकरी सोडून ती ऑनलाइन पोकर खेळत होती आणि त्यावरच तिचे पोट होते. पैसे लावून खेळायची अशी ॲप्स तेव्हा उघडपणे चालत, कायद्याने बंद झाली ती नंतर. तिची तक्रार अशी होती की एक अनोळखी खेळाडू तिच्या मागावर आहे. ती ज्या टेबलावर बसते तिथे तो येतो आणि तिला जिंकू देतो.

"जिंकू देतो, मग त्रास कसला?" मी विचारले.

"त्रास हाच आहे सर. कंपनीला वाटतं आम्ही दोघं मिळून बाकीच्यांना फसवतो. माझं खातं गोठवलंय. आणि हा आहे कोण? मी रोज कधी बसते ते याला कसं माहीत?"

खरे सांगायचे तर पोलिसाच्या डोक्यात पहिली शंका फिर्यादीवरच येते. दोघांची मिलीभगत असेल, वाटणीवरून बिनसले असेल आणि आता ही अंग काढून घेत असेल. मी महिला हवालदाराला जवळ बसवले आणि उलटसुलट विचारायला सुरुवात केली. मुलीने उत्तरे देता देता मला तो खेळच समजावून सांगितला.

या प्रकाराला 'सिट अँड गो' म्हणतात. वेळ ठरलेली नसते. टेबलाच्या नऊ खुर्च्या भरल्या की डाव आपोआप सुरू होतो. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे खेळातले पैसे, मिळतात; ज्याच्या संपल्या तो बाहेर. बक्षीस शेवटच्या तिघांनाच.

"मी सुरुवातीला पत्ते टाकतच राहते, म्हणजे चिप्स न लावता तो हात सोडून देते," ती म्हणाली. "फारच चांगले पत्ते आले तर हात घालते. उतावळे लोक आपसात लढून बाहेर जातात. मग सक्तीची बोली वाढत जाते, तेव्हा थांबून चालत नाही. तेव्हा सगळ्या चिप्स पुढे करायची हिंमत लागते. चौघं उरले की खरी मजा. चौथ्याला काहीच मिळत नाही, म्हणून सगळे घाबरतात. तिथं कोण किती घाबरलंय ते ओळखायचं."

"आणि हा माणूस?"

"हा घाबरतच नाही. मी समोर असले की अर्ध्या चिप्स लावूनही पत्ते टाकून देतो. दुसरा कोणी माझ्यावर चालून आला की भलतेच पत्ते घेऊन मध्ये उडी मारतो आणि स्वतः बाहेर जातो."

"तो कधी जिंकला?"

"कधीच नाही."

"तुझ्याकडे काही मागितलं? निरोप पाठवला?"

"एक शब्द नाही. मी जिंकले की टाळ्यांचं चित्र पाठवतो, बस." मग ती खाली पाहून म्हणाली, "मी खोलीला दुसरं कुलूप लावलंय, सर."

चौकशीत माणूस खोटे बोलतो तेव्हा बहुधा गरजेपेक्षा जास्त सांगतो. ही मुलगी बेताचे बोलत होती आणि हात मांडीखाली दाबून बसली होती. मी अर्ज तपासात घेतला आणि सायबर सेलमार्फत कंपनीला पत्र पाठवले.

उत्तर आले तेव्हा मी चमकलो. त्या खेळाडूचा मोबाइल क्रमांक जबलपुरातल्याच रांझी भागातल्या एका माणसाच्या नावावर होता; नावाची फक्त आद्याक्षरे होती, पण आडनाव मुलीचेच होते. मला वाटले, नात्यातला कोणीतरी असावा, लग्नासाठी मागे लागलेला. अशी प्रकरणे मी बरीच हाताळली होती. मुलीला काही न कळवता मी साध्या कपड्यांत, मोटरसायकलने रांझीला गेलो.

गल्लीच्या तोंडाशी एक किराणावाला होता. घर विचारल्यावर त्याने आवाज खाली आणला. "सट्टा खेलते हैं भैया, दोपहर भर। किसी लड़की से बात भी करते हैं, घर में तो कोई है नहीं। कहते रहते हैं, डर मत, मैं हूँ ना।"

आता माझी खात्रीच झाली. दार वाजवले. फॅक्टरीतून निवृत्त झालेला, बनियन घातलेला, शिडशिडीत माणूस बाहेर आला. मी ओळख दिली तेव्हा त्याने आधी पाण्याचा ग्लास आणला आणि मगच विचारले, "वॉरंट आहे का जी?"

मी उत्तर देणार तोच माझी नजर भिंतीवर गेली. एक फोटो बाईंचा, बहुधा त्यांच्या पत्नीचा होता, हार घातलेला. शेजारचा फोटो पदवीदान समारंभातला. काळा गाऊन, हातात पदवीची गुंडाळी आणि चेहरा माझ्या ठाण्यात बसलेल्या मुलीचा. असा एक फोटो माझ्याही वडिलांनी घराच्या दर्शनी भिंतीवर लावला होता. पुढचा प्रश्न मला पोलिसाच्या आवाजात विचारता आला नाही.

"मुलगी कुठे असते?"

"सदरला." त्यांनी माझा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. "तिनं नोकरी सोडून हे खेळणं धरलं. मी म्हणालो, जुगाऱ्याला माझ्या घरात जागा नाही. रागानं म्हणालो जी. ती खरंच गेली."

"आणि तुम्ही स्वतः खेळायला लागलात?"

"खेळता कुठं येते मला. आमच्या मेलेल्या मांजरीचं नाव तिनं तिथं घेतलं आहे, ते मला ठाऊक होतं. ते नाव टेबलावर दिसलं की मी बटन दाबत होतो. खुर्च्या भरल्या की डाव सुरू. तेवढा वेळ आम्ही दोघं एका टेबलाशी बसून राहत होतो, मी तिच्या नावाशी बोलत होतो. आता ते नाव दिसत नाही, तरी रोज शोधतो."

"फोन काहून नाही केला?" माझ्याही तोंडून घरची भाषा निघाली.

"केला, अन् तिनं नाही उचलला तर?"

मी त्यांना अर्जाबद्दल सांगितले. कोणी पुरुष मागावर आहे या धास्तीने मुलीने दाराला दुसरे कुलूप लावले आहे, हेही सांगितले. ते ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "तिला नका सांगू साहेब. परगावचा कोणी होता, सापडला नाही, असं लिहा. मी आजपासून बंद करतो."

मी म्हणालो, "काका, मी खोटं लिहिणार नाही. आणि जो माणूस नाहीच, त्याची भीती तिच्या डोक्यात ठेवणार नाही. उद्या ठाण्यात या."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि वडिलांना पाहून दारातच थांबली. "सर, यांना कोणी सांगितलं? यांचा काय संबंध?"

मी संबंध सांगितला. ती खुर्चीत बसली. मी वडिलांकडे पाहत होतो, ते फरशीकडे पाहत होते.

"सत्ती-दुरी हातात असताना सगळ्या चिप्स लावणारे तुम्ही होता?" तिने विचारले.

"पत्ते नव्हते पाहिले मी."

"मग काय पाहिलं?"

"तू सारखी पत्ते टाकून राहिली होती. मला वाटलं, पोरगी हरून राहिली आहे."

"हरत नव्हते बाबा. थांबले होते. असंच खेळतात ते."

"मला काय ठाऊक."

"मग विचारायचं होतं. मी घाबरून जगून राहिले इतके दिवस. खातं गेलं माझं. तुम्ही काहून नाही विचारलं?"

तेवढ्यात मुंशी चहा घेऊन आला. सगळे ऐकूनच आला असणार. "दीदी," तो गंभीरपणे म्हणाला, "एफआईआर में आरोपी का नाम क्या लिखूँ, पिताजी?" ती रडत होती, तरी तिला हसू फुटले. तिने ओढणीने तोंड झाकले आणि चहाचा पहिला कप वडिलांपुढे सरकवला.

वडिलांना बाहेर बसवून मी तिच्याशी महिला हवालदारासमोर पुन्हा बोललो. घरी धाक, मारहाण, लग्नाची बळजबरी, असे काही आहे का ते विचारले. बापाचा चेहरा पाहून हे विचारणे टाळायचे नसते. तिने नाही म्हटले आणि कारवाई नको असा दुसरा अर्ज स्वतःच्या अक्षरात दिला. कंपनीलाही तिने खरे कळवले, पण खाते काही उघडले नाही. मांजरीचे नाव गेलेच.

गुन्ह्यामागचा हेतू शोधायला आम्हाला शिकवलेले असते. इथला हेतू इतका निर्मळ होता की तो पाहून मी मुलीचे दुःख विसरायच्या बेतात होतो. या केसने मला एक गोष्ट शिकवली. मागे येणारा कितीही मायेने येवो, जिच्या मागे पावले वाजतात तिला फक्त पावले ऐकू येतात. पुढे बदनामीच्या, पाठलागाच्या तक्रारी आल्या तेव्हा मी आरोपीच्या मनात काय होते ते नंतर पाहिले. तक्रारदाराच्या मनात काय आहे ते आधी विचारले. आणि पोटच्या पोरांना न विचारता वाचवायला धावणारे आईबाप भेटले, तेव्हा त्यांना बसवून घेऊन हीच गोष्ट सांगितली.

त्या दिवशी निघताना दोघे ठाण्याच्या पायरीवर उभे होते. तिला सदरमध्ये पायी जायचे होते, त्यांना रांझीची बस धरायची होती. वडिलांनी तिला विचारले, "मग रविवारी येऊ का मी तुझ्या खोलीवर?"

मुलीने पर्स खांद्यावर नीट केली.

"फोन करून या," ती म्हणाली. "उचलीन मी."