नानांच्या मनगटावरचा डाग

धुळ्यात अजून लोक म्हणतात, चामडीच्या डॉक्टरलाच कोड फुटलं. माझ्या तोंडावर म्हणून दाखवा. तो डाग पडताना मी समोर उभा होतो.

डॉ. अभिमन देवरे, आमचे नाना. शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. मुंबईला कातडीच्या रोगांचं शिकले, तिथंच कॉलेजात शिकवायला लागले. स्वातंत्र्य आलं त्या साली सगळं सोडून धुळ्याला आले. बाहेरच्या खोलीत रोगी, आतल्या खोलीत शिकायला आलेले नवे डॉक्टर.

माझ्या बहिणीचा, मंजुळाचा, कापूस वेचताना पाय मुरगळला. सासूनं, भिकुबाईनं, बिब्बा तापवून त्याचं तेल घोट्यावर घातलं. पाय भाजला, चिघळला, भरून आला तेव्हा तिथली कातडी पांढरी. झालं. जिनं भाजलं तीच गावभर सांगत सुटली, सुनेला कोड शे. नवरा झुलाल बायकोला आमच्या दारात सोडून गेला. मर्द म्हणे.

मी तिला एसटीत घालून नानांकडे आणलं. आतला एक डॉक्टर दारातूनच बघून म्हणाला, कोड. नानांनी त्याला तिथंच झापलं, आधी बाईला विचार म्हणाले. मग स्वतः खाली बसून विचारलं, काय झालं होतं पायाला? मंजुळा म्हणाली, बिब्बा. अन् रडायला लागली. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

नाना आमच्यासोबत तिच्या सासरी आले. ओट्यावर माणसं जमली. नानांनी सांगितलं, कोड कुणापासून कुणाला लागत नाही, आणि हे तर कोडही नाही. पण भिकुबाईचं एकच, बठ्ठं गाव जाणस, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

माझं डोकं फिरलं. मंजुळानं मला सांगितलं होतं, सासूच्या गुडघ्यावरही बिब्ब्याचा अस्साच डाग आहे. मी नानांना बाजूला घेतलं, म्हटलं, म्हातारीला लुगडं वर करायला लावा, आत्ता मिटतं.

"एकीला वाचवायला दुसरीला उघडी पाडू?" नाना म्हणाले. "ते माझ्याच्यानं होणार नाही."

मग त्यांनी बिब्बा मागवला. बाही सरकवून हात भिकुबाईपुढे धरला.

"अक्का, सुनेला लावला तसाच लाव."

म्हातारीनं बिब्बा तापवला. अन् लावला.

मनगट भाजलं, पिकलं. काही महिन्यांनी नाना पांढरा डाग घेऊन परत त्याच ओट्यावर जाऊन बसले. भिकुबाईनं डागावर बोट फिरवून बघितलं. मग आमच्या घरी आली अन् मंजुळाला म्हणाली, चाल घर.

मंजुळानं विचारलं, "आन् खरंच कोड ऱ्हातं तं?"

भिकुबाईनं तिचं गाठोडं उचललं. मंजुळा तरी गेली. तिच्या जागी मी असतो तर गेलो नसतो.

इकडे धुळ्यात नानांचे रोगी तुटले. शिकलेली माणसं, मोठ्या घरच्या बायका, नानांचा हात लावून घ्यायला नको म्हणायला लागल्या. मी नानांना म्हटलं, लांब बाहीचा सदरा शिवा. ते हसले. "मग पोरांना शिकवू कशावर?"

आजही नवा डॉक्टर शिकायला आला की नाना पहिल्या दिवशी मनगट पुढे करतात. विचारतात, हे काय? बहुतेक जण चटकन म्हणतात, कोड. नाना हात मागे घेत नाहीत. विचार, म्हणतात. मला विचार आधी.

तुम्हीही विचारा ना. दवाखाना उघडाच आहे.