हिराच्या गुडघ्यांची जागा

आम्ही तलासरीत पंगतीला बसलो होतो. सुनेच्या भावाकडं बारसं होतं. पानात जिलेबी पडली आणि आमच्या शेजारच्या वनिताचा फोन आला. आधी नुसता धापेचा आवाज. मग म्हणाली, "भाऊ, लवकर या. हिरावहिनी ओट्यावर पडल्यात... उठत नाहीत." मी म्हटलं, तोंडावर पाणी मार. ती म्हणाली, "डॉक्टर बघून गेले, भाऊ." मी पानावरून उठलो. तिथून घरी सरावलीला पोचायला तास गेला. गाडीत आम्ही पाच जण. सहावी जागा तिची, अगदी मागची, तिथं आहेराच्या पिशव्या आणि पोरांची घडीची बाबागाडी पडली होती.

हिरा माझी बायको. तिला जाऊन दीड महिना झाला. दहाव्याच्या आधी भाच्यानं पेपरात तिचा फोटो दिला, खाली छापलं, "सोशिक, मायाळू, हसतमुख." मला कोणी विचारलं नाही. मी चौथी शिकलेला, चिकूचा टेम्पो चालवण्यात जन्म गेला, पण सोशिक म्हणजे काय ते मला कळतं, आणि ते खोटं आहे. हिराला जे खुपायचं ते ती तोंडावर सांगायची. ऐकलं नाही ते आम्ही. आता आमचा बहिरेपणा तिचा गुण म्हणून छापून आलाय, आणि भेटायला येणारी माणसं तेच वाचून तेच बोलतात, "सोशिक होती हो बिचारी." चहा पितात आणि जातात. मला त्याची चीड आली म्हणून हे लिहितोय.

हिरा रानशेतची. माझ्यापेक्षा टीचभर उंच. लग्नात अंतरपाट कितीही वर धरला तरी तिला मी वरून दिसतच होतो. तिच्या मावशीनं भर मांडवात विचारलं, "नवरा उभा आहे गं, का बसलाय?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. हिरा तिथल्या तिथं म्हणाली, "उभा आहे मावशी. तुझ्या जावयासारखा पिऊन आडवा नाही पडला." नवरी मुलगी, हळदीच्या अंगानं! अशी ही सोशिक.

उंच बाईचे हाल गाडीत कळतात. टमटममध्ये ती मान वाकडी करून बसायची. एसटीत गुडघे पुढच्या सीटच्या लोखंडाला लागून दोन्ही गुडघ्यांवर काळे घट्टे पडले होते. फक्त माझ्या टेम्पोच्या केबिनमध्ये ती ताठ बसायची, कारण तो चौकोनी डबा, वर मोकळी जागा. वाडीतून चिकूच्या करंड्या भरून निघालो की म्हणायची, "राणीला पण अशी गाडी नसेल." आमचा दिनेश तिच्यावर गेला, सहा फुटांच्या वर. त्याला मुली बघताना तलासरीची रेखा सगळ्यांनी नाकारली, मुलगी फार उंच म्हणून. हिरा म्हणाली, "हीच पाहिजे. माझ्या घरात एकीला तरी माझ्या गुडघ्यांचं कळेल." रेखा लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. पोरगी गुणाची निघाली.

गाडी घ्यायचं हिरानंच काढलं. दिनेश आणि रेखा दोन पोरांना घेऊन मोटरसायकलवर तलासरीला जायचे, थोरली आर्या टाकीवर, धाकटा मधे चेपलेला, आजूबाजूनं हायवेचे ट्रक. एक दिवस हिरा अंगणातच आडवी उभी राहिली. "चार जीव दोन चाकांवर. आधी माझ्या अंगावरून न्या." मग ठरलं, सहा माणसं बसतील अशी गाडी बघायची. तीन रविवार आम्ही शोरूम फिरलो, बोईसरला आणि वापीला.

तिथं तिनं त्या सेल्समन पोरांना घाम फोडला. वापीचा एक टाय लावलेला पोरगा म्हणाला, "माजी, बेसो ने, बसून तर बघा, पाय ठेवायला केवढी जागा आहे बघा." हिरा मधल्या रांगेत बसली, खरंच खूप जागा. मग तिनं वाकून पुढं बघितलं आणि दिनेशला म्हणाली, "तू जरा गाडी चालवायला बस." दिनेशचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्या पोरानं पुढची सीट पार पुढं सरकवून ठेवली होती! दिनेशनं ती आपल्या पायांच्या मापानं मागं घेतली, तशी हिराच्या पायांची सगळी जागा गेली. ती म्हणाली, "बाबा रे, गाडी माझा मुलगा चालवणार, तुझी जत्रेतली बाहुली नाही." पोरगा लाल झाला. मग तो सगळ्यात मागची रांग दाखवून म्हणाला, "ही लहान मुलांसाठी." हिरा म्हणाली, "मागून ट्रकनं ठोकलं तर पहिली पोरंच? पोरं मधे बसतील. मागं आम्ही म्हातारे. आम्हाला बसता येतं का ते दाखव." असं कोणी विचारलं नसावं त्याला. गाड्या बनवणारे जाहिरातीत सात जण हसत बसवतात. त्यांतल्या शेवटच्या दोघांचे पाय कधी दाखवत नाहीत. नीट बघा एकदा.

तिला एकच गाडी पसंत पडली. उंच, चौकोनी, सरकत्या दाराची, आपल्याकडं शाळेची पोरं नेतात तसली. ती शेवटच्या रांगेत बसली, डोक्यावर हात धरून जागा बघितली, आणि म्हणाली, "हीच." दिनेशचं तोंड पडलं. बोललो मी. "जन्मभर डबा चालवला मी. माझा पोरगा डबा चालवणार नाही." हिरा म्हणाली, "तुम्हाला बाहेरून बघायची गाडी पाहिजे. मला आत बसायची पाहिजे." मी म्हटलं, "गाडीतलं तुला काय कळतं?" शोरूममध्ये, परक्या माणसांपुढं. आम्ही दुसरी घेतली, काळी, नाकाडी, रस्त्यात माणसं वळून बघतात अशी. मी पेढे वाटले.

पहिल्यांदा महालक्ष्मीला निघालो. दिनेश चालवायला. मी पुढं, कारण घरातला मोठा माणूस पुढंच बसतो, शिवाय मी ड्रायव्हर, रस्ता सांगायला. मधे रेखा आणि पोरं. हिराला मागं बस म्हणून कोणी सांगितलं नाही. सगळे आपापल्या जागी बसले आणि उरली ती तिची. पण मागं जायला मधली डावी सीट दुमडावी लागते, आणि तिच्यावर धाकट्याची खुर्ची पट्ट्यांनी आवळून बांधलेली. रेखा ती खुर्ची सोडायला लागली तर धाकटा रडायला लागला. हिरा म्हणाली, "राहू दे, मी मागून चढते." डिकी उघडली आणि पासष्ट वर्षांची बाई साडी खोचून, गुडघा टेकून माल चढवतात तशी चढली. त्या दिवसापासून तो रस्ताच पडला.

डिकी आतून उघडत नाही. मागच्या काचा खाली होत नाहीत. गाडी थांबली की आम्ही उतरायचो आणि कोणी मागचं दार उघडेपर्यंत ती आत. धाकटी डहाणू गावात एका हळदीला गेलो. बँड वाजत होता, पोरं पळाली, रेखा त्यांच्या मागं, मला ओळखीचे भेटले, दिनेश गाडी लावून कुलूप करून आला. बऱ्याच वेळानं आर्या म्हणाली, "आजी कुठंय?" धावलो. हिरा काचेवर बांगड्या वाजवत होती, घामानं भिजलेली. बाहेर आली आणि म्हणाली, "काय रे, चिकू आहे का मी, पिकायला घातली ती?" सगळे हसले. पुन्हा हसले! मीही त्यांतच.

त्यानंतर ती गाडीत बसलीच नाही. "गुडघे दुखतात." मी मलम आणून दिलं. तिनं ते खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, "घरात नाही दुखत, गाडीत दुखतात." इतकं सरळ सांगितलं माणसानं, अजून काय पाटीवर लिहायचं? आठ-नऊ महिने आम्ही लग्नं केली, बारशी केली, समुद्रावर गेलो, आणि लोकांना सांगितलं, हिराला घर राखायला आवडतं. बारशाच्या सकाळी रेखा म्हणाली, "आई, चला ना, तुमच्याशिवाय बरं दिसत नाही." हिरा ओट्यावर उभी. "चढायला मी काय करंडी आहे? जा तुम्ही. जिलेबी आणा." मी पट्टा लावून पुढं बसलेला. मी म्हटलं, "चल रे दिनेश, उशीर होतोय." माझं तिच्यासमोरचं शेवटचं बोलणं ते. तेसुद्धा तिच्याशी नव्हतं.

दहाव्याला समुद्रावर जायचं होतं. हिराचा थोरला भाऊ रानशेतहून आला, तिच्यासारखाच ताडमाड, काठी टेकत. दिनेशनं मामाला पुढं बसवलं, ते बरोबरच. मधे रेखा आणि पोरं. मी अंगणात उभा. दिनेशनं डिकी उघडली, हात पुढं केला, तो मी झटकला आणि चढलो.

बसलो, तर मला जागा झाली. नुसती झाली नाही, उरली. गुडघा आणि पुढची सीट यांच्या मधे माझी मूठ आरामात जात होती. मी दोनदा घालून बघितली. मी पाच फूट दोन इंच. ती येत होती तोवर मी पुढं पाय पसरून बसत होतो आणि ती मागं गुडघे हनुवटीला लावून. मी उतरायचं, तिला पुढं बसवायचं, मी मागं जायचं, संपलं. पण जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला ते सुचलं नाही, शिकलेल्या पोरांनाही नाही. आणि हिराला सुचलं नसेल असं कोणी मला सांगू नये. डोळ्यांनी माप काढणारी बाई ती. सगळं बोलली, पण "तुम्ही मागं बसा" एवढं बोलली नाही... लोकांत माझा मान जाईल म्हणून. तेवढं एक तिनं सोसलं. छापायचं तर ते छापायचं होतं, आणि पुढं माझं नाव घालायचं होतं.

वर बघितलं तर छताच्या कापडावर तेलाचा डाग, बशीएवढा. तिचं डोकं तिथं घासायचं. माझ्या डोक्याच्या टीचभर वर होता तो. आर्यानं वळून विचारलं, "आजोबा, तुम्ही तिथं मावता?" मी म्हटलं, "पहिल्यापासून मावत होतो, बाय."

परवा गाडी धुताना दिनेश साबणाचा फडका घेऊन त्या डागाकडं निघाला. मी त्याच्या हातातून फडका काढून घेतला. त्या संध्याकाळी तलासरीला निघालो. मी डिकीतून चढून बसलो. दिनेश म्हणाला, "बाबा, पुढं या, बरं दिसत नाही." मी हललो नाही. पुढची सीट रिकामी. रेखा पोरांना बांधून दारात घुटमळली. "सासरे मागं आणि सून पुढं? लोक काय म्हणतील, बाबा?"

"लोकांचे पाय मी मोजलेले नाहीत," मी म्हटलं. "तुझे लांब आहेत. बस पुढं."

बसली. सीट मागं घेतली आणि तिनं पाय लांब केले.