पुनवेआधी होडी बाहेर नाही

संगणकाच्या डावीकडचा बाण कोरलेल्या कळीवर बाबांचं जाडजूड बोट अलगद टेकलेलं असायचं... जाळी विणून कातडी निबर झालेलं, धुऊनही डिझेलचा मंद वास सोडणारं ते बोट, आणि समोरच्या फुगीर काचेत निळ्या पाण्यावर डुलणारी एक इवलीशी शिडाची होडी.

दिवाळे गावात पावसाळी मासेमारीबंदीचे ते दिवस. आमची होडी खाडीच्या काठावर ताडपत्रीखाली निजलेली, घरभर सुकटीच्या डब्यांचा खारट दर्प, ओल्या दोऱ्यांचा कुबट गंध. आणि एरवी पहाटेच समुद्रावर जाणारे बाबा दिवसभर घरात, हे त्यातलं माझं खरं सुख. मामा महापेच्या एका कंपनीत पहारेकरी होता. तिथून मोडीत निघालेला एक संगणक त्याने आणून दिला, त्यात कुणीतरी विसरलेला हा खेळ होता. बेटाभोवती होडी फिरवायची आणि लपवलेल्या नऊ पेट्या शोधायच्या, एवढाच.

आठ पेट्या मी आठवड्यात शोधल्या. नववी उघड्या समुद्रापलीकडे होती, आणि घोडं तिथेच अडलं. कारण बाबा होडी उपसागराबाहेर काढू देईनात.

"पुनवेच्या आधी भायेर नाय जायाचं, बाय."

"बाबा, हा खेळ आहे!"

"होडी हाय ना? मग झालं तर."

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय आमच्यात कुणी होडी लोटत नाही. बाबांनी तो नेम त्या काचेतल्या समुद्रालाही लावला. रोज दुपारी ते होडी काठाकाठाने नेत आणि दोन खडकांमधल्या एका खाचेत उभी करून पाणी न्याहाळत बसत. "याला ओहोटीच नाय लागत बघ," असं कौतुकाने म्हणत. मी शेजारी चरफडत असे. किती मूर्ख होते मी — बाबांच्या दंडाला दंड लावून बसायला मिळत होतं, आणि माझं सारं लक्ष त्या नवव्या पेटीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा होडी रंगवायला धक्क्यावर गेले, आणि मी खाचेतून ती दुसरी होडी सोडली. उघडा समुद्र पार केला, पेटी उघडली. पडदाभर चांदण्या उधळल्या, वाजंत्री वाजली... आणि खेळ संपला. आम्ही जपून ठेवलेलं सगळं पुसून होडी पुन्हा पहिल्या किनाऱ्यावर, जणू आम्ही कधी फिरलोच नव्हतो.

दुसऱ्या संध्याकाळी नारळ वाहून बाबा घरी आले. सदऱ्यावर गुलाल, हातात प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा. तो त्यांनी संगणकापुढे ठेवला आणि लहान मुलासारखे हसले. "चल बाय, आता जाव भायेर. दोघं."

दोन महिने ते या संध्याकाळची वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या कोऱ्या किनाऱ्याकडे बघत ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडतंस कनाला? पानी तर तेच हाय."

पहाटे ते खऱ्या समुद्रावर गेले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत संगणक बंद पडला होता, आणि तसं आम्ही दोघं पुन्हा कधी बसलो नाही.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. होडी त्याआधीच विकली. मी आता महापेलाच नोकरी करते. तिथल्या एका मैत्रिणीने तो जुना खेळ कुठूनसा शोधून माझ्या लॅपटॉपवर घालून दिला. आषाढात मी होडी त्या दोन खडकांमधल्या खाचेत नेऊन उभी केली आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हलवली नाही.

परवा पौर्णिमा झाली. संध्याकाळी खोबऱ्याचा तुकडा शेजारी ठेवून मी होडी बाहेर काढली. नववी पेटी कुठे आहे ते पाठ आहे. तिकडे वळले नाही. निळं पाणी दोन्ही बाजूंनी सरकत होतं, आणि माझा उजवा दंड उगाच जरा बाहेर कलला होता — बाबा त्या बाजूला बसत.

आईने आतून विचारलं, "कुटं पोचलीस गो?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "पाणी बघतेय."